करपलेल्या भाकरीतला कार्बन

(दृश्य: चुलीवरचा तवा, भाकरीची काळी पडलेली कड)

भाकरी तव्यावर जरा जास्त राहिली की कडेला करपते. नखानं खरवडून बघा, बोटाला काजळी लागते. हा कार्बन. ज्वारीच्या कणसात तोच, भाकरी थापणाऱ्या हातातही तोच. तो पृथ्वीवर तयार झालेला नाही. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात, दहा कोटी अंशांच्या धगीत तो शिजला.

पण शिजला कसा? हेलियमची दोन अणुकेंद्रं एकमेकांवर आदळली की बेरिलियम होतं, आणि लगेच फुटतं. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही साधारण एक कोटीवा हिस्सा. तेवढ्यात तिसरं हेलियम येऊन चिकटलं, तरच कार्बन. गणित मांडलं की उत्तर फारच थोडं यायचं. विश्वात कार्बन मात्र भरपूर.

(दृश्य: १९५०च्या दशकातली प्रयोगशाळा)

१९५३. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल अमेरिकेत, कॅलटेक या विज्ञानसंस्थेत गेले होते. त्यांनी उलटीकडून विचार केला. कार्बन आहे, म्हणजे तो तयार होण्याची वाट असलीच पाहिजे. त्याच्या अणुकेंद्रात साधारण ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) एक ऊर्जापातळी हवी. ती असेल तर तिसरं हेलियम सहज सामावतं. तिथले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फाउलर यांना आधी हे पटेना. तरी तिथल्या वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला. पातळी सापडली, जवळपास सांगितली तिथेच!

गंमत पुढे आहे. त्याच कार्बनला आणखी एक हेलियम मिळालं की ऑक्सिजन होतो. तिथेही अशीच सोयीची पातळी असती, तर बहुतेक कार्बन ऑक्सिजनमध्ये संपून गेला असता. पण त्याच मापात ऑक्सिजनची पातळी आहे ७.१२ वर आणि सोयीची ठरायला लागते ७.१६ च्या वर. एवढ्याशा फरकानं दोन्ही उरले: हाडामांसासाठी कार्बन, श्वासासाठी ऑक्सिजन.

निरीश्वरवादी म्हणून ओळखले जाणारे हॉईल पुढे १९८०च्या सुमाराला लिहू लागले की भौतिकशास्त्राच्या नियमांत कुण्या महाबुद्धीनं हात घातलेला दिसतो. मराठी घरांत हे नाव परकं नाही; कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे ते केंब्रिजमधले गुरू. एवढा मोठा माणूस असं म्हणतो, तेव्हा ऐकून घ्यायलाच हवं.

तरीही माझं मन तिथवर जात नाही. १९८९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मारिओ लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी हिशेब करून पाहिला: कार्बनची ती पातळी त्याच मापात ०.०६ नं वर सरकवली, तरी ताऱ्यांत कार्बन तयार होतच राहतो. म्हणजे दार आपण समजत होतो तितकं अरुंद नाही. शिवाय जिथे कार्बन झालाच नाही, तिथे हा प्रश्न विचारायला कुणी नाही. आपण फक्त भरलेल्या ताटावर बसून स्वयंपाकाची चर्चा करतो. पण मग मुळात हेच नियम का? याचं उत्तर या हिशेबातही नाही, आणि ‘योगायोग’ म्हणून मोकळं होणंही मला जड जातं.

(दृश्य: फळा, त्यावर खडूनं लिहिलेलं ७.६५, कार्बनच्या त्या पातळीचा मोजलेला आकडा)

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. १९५३ मध्ये हॉईल जीवसृष्टीचा विचार करत नव्हते. त्यांना ताऱ्यांत मूलद्रव्यं किती तयार होतात, तेवढा ताळमेळ बसवायचा होता. हेतूची भाषा पुढे पंचवीसेक वर्षांनी आली. आकडा तोच होता.