चिंचेचा कोळ आणि तांब्याची खाण

श्रोतेहो, नमस्कार.

तांब्याचं घंगाळ चार दिवस ओलं राहिलं की त्यावर हिरवट थर चढतो. मग चिंचेचा कोळ नि मीठ लावून घासायचं, तो हिरवेपणा मोरीत वाहून जातो. वाहून जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला कळलं ते इंग्लंडमध्ये, जमिनीखाली.

मँचेस्टरच्या दक्षिणेला आल्डर्ली एज नावाचं गाव आहे. त्याच्या डोंगराच्या पोटात तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. जागा नॅशनल ट्रस्टच्या मालकीची, पण 1970च्या दशकापासून खाणींची देखभाल करतो डर्बीशायर केव्हिंग क्लब, म्हणजे गुहा धुंडाळणारी हौशी मंडळी. त्यांच्यासोबत एक दिवस आत जायचा योग आला. गमबूट, हेल्मेट, कपाळावर दिवा. आत जाण्याआधी प्रत्येकाचं नाव कागदावर लिहिलं गेलं. परतायची वेळ बाहेरच्या एका माणसाला सांगितली गेली. ती टळली की तो मदत बोलावणार. मला हे जरा अतीच वाटलं. दहा मिनिटांत तीन फाटे मागे पडले, आणि मग वाटेनासं झालं.

हा दगड आपल्या काळ्या कातळासारखा नाही. वालुकाश्म आहे, बोटानं घासला तर वाळू सुटते. भिंतींवर हिरवे नि मधूनच निळे ओघळ. घंगाळावरचाच रंग! शंभर किलो दगडात तांबं मात्र जेमतेम दोन किलो, तेही वाळूच्या कणांवर पुटासारखं बसलेलं. एवढ्याशासाठी सगळा दगड वितळवणं परवडणार कसं?

एकोणिसाव्या शतकातल्या खाणवाल्यांनी उपाय काढला तो आपल्या मोरीतलाच म्हणायचा. दगड भरडून टाक्यांमध्ये भरायचा, वर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं. तांबं विरघळून हिरव्या पाण्यात उतरतं, वाळू मागे राहते. मग त्या पाण्यात भंगार लोखंड टाकायचं. लोखंड विरघळत जातं आणि त्याच्या जागी तांबं गाळासारखं तळाशी बसतं. ते गोळा करून भट्टीला. म्हणजे आपण चिंचेनं घासून जे मोरीत सोडतो, त्यावर या लोकांनी 1857पासून वीसेक वर्षं धंदा केला. उरलेल्या वाळूचे डोंगर मात्र पुढे कित्येक वर्षं गावाजवळ पडून होते.

लेणी पाहिलेल्या माणसाची नजर भिंतीवरच्या टाकीच्या घावांकडे जातेच. इथे ते घाव वाचता येतात. सुरुंगाच्या दारूसाठी पाडलेली लांब गोल भोकं या आम्लवाल्या खाणवाल्यांच्या काळातली. एंजिन व्हेन नावाच्या भागात एक चौकोनी, नीट तासलेली विहीर उतरते, ती रोमनांची. तिच्या तोंडाजवळच्या मातीत क्लबच्या लोकांना 1995 साली एक मडकं सापडलं, चौथ्या शतकातल्या रोमन नाण्यांनी भरलेलं. आणि वरच्या अंगाला वाटोळे खळगे दिसतात ते नुसत्या दगडी हातोड्यांनी ठेचून काढलेले, कांस्ययुगातले.

त्या युगातलं एक ओक लाकडाचं फावडं 1875 साली खाणकामगारांना मिळालं. पुढे ते गावच्या शाळेत येऊन पडलं. 1950च्या दशकात तिथल्याच एका माजी विद्यार्थ्याच्या ते ध्यानात राहिलं होतं, म्हणून वाचलं. वस्तुसंग्रहालयातल्या मंडळींनी कार्बन-चाचणी केली तेव्हा वय निघालं पावणेचार हजार वर्षांच्या आसपास. शाळेत जुनं लाकूड म्हणून कुणी बंबात घातलं असतं तर? मला तर रोमन नाण्यांपेक्षा या फावड्याचंच अप्रूप वाटतं.

चार तासांनी बाहेर आलो. कागदावरची नावं पुन्हा वाचली गेली, प्रत्येकानं हजेरी दिली, मग लोखंडी दाराला कुलूप. गमबूट उलटे केले तर आतून मूठभर वाळू पडली, किंचित हिरवी.