खडीसाखर आवाजापर्यंत पोचत नाही

आत येताना एका बाईंनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. "मॅडम, तासभर बोलायचंय, चघळा." चघळली. गोड लागली. पण ती स्वरतंतूंपर्यंत काही पोचायची नाही. आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं. स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या दारात, आणि तिथे थेंबभर पाणी गेलं तरी ठसका लागतो. ज्येष्ठमध, हळद-दूध, लवंग यांनी घशाला बरं वाटतं, जरूर घ्या. बसलेला आवाज त्यांनी उठत नाही.

आवाजाच्या उपचारांसाठी माझ्याकडे प्राथमिक शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. पहिलीचा वर्ग, वर पत्रे, शेजारच्या वर्गाशी अर्धीच भिंत. मी म्हटलं, "एका श्वासात 'आ' धरून ठेवा." सातव्या सेकंदाला आवाज तुटला. मोठ्या माणसाला पंधरा-वीस सेकंद जमायला हवेत. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं होतं, दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर गाठी. 'गाठ' हा शब्द ऐकल्यापासून बाईंना जेवण गोड लागत नव्हतं. कॅन्सरचा तिथे संबंध नव्हता. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो ना, तसाच हा. (तरी आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, तर आधी दुर्बीण, मग मी.)

घट्टा का पडतो? बोलताना बायकांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. अर्ध्या तासाच्या तासिकेत निव्वळ दहा मिनिटं आवाज निघाला, तरी आपटणं झालं १,२०,००० वेळा. ओरडताना सूर चढतो, तसा आकडाही चढतो. अमेरिकेत इन्गो टित्झे आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांच्या गळ्याला छोटा सेन्सर चिकटवून हे मोजलं. शाळेतला आवाजाचा वापर इतर वेळच्या दुपटीहून जास्त निघाला. आमच्या बाई म्हणाल्या, "त्याला मशीन कशाला? आमच्या ह्यांना विचारा. संध्याकाळी घरी मी बोलतच नाही."

उपचार मात्र कंटाळवाणा आहे. पेल्यात पाणी घ्यायचं, नळी दोनेक सेंटीमीटर बुडवायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. फिनलंडमध्ये आंत्ती सोविजार्वी यांनी १९६०च्या दशकात काचेच्या नळीनं हा सराव रुजवला. पाण्यामुळे उलटा दाब तयार होतो आणि स्वरतंतू आपटायचे ते अलगद टेकतात. बाईंनी पहिल्याच वेळी एवढ्या जोरानं फुंकलं, की पाणी माझ्या कागदांवर! वर्गावर ओरडायची सवय नळीतही उतरली होती.

दहा आठवडे लागले. सारखं घसा खाकरणं सगळ्यात शेवटी सुटलं. मुलांना गप्प करायला त्यांनी खंजिरी आणली, माझ्या मते निम्मा गुण तिचाच. 'आ' सोळा सेकंदांवर गेला. गाठी पूर्ण गेल्या नाहीत, बारीक झाल्या.

आता तुमच्यापुढचे पेले घ्या. खांदे सैल, बुडबुडे बारीक. आणि मागच्या रांगेतले सर, फुंकायचं नाहीये, 'ऊ' म्हणायचंय.