नाक्यापलीकडचं माथेरान

(दृश्य: दस्तुरी नाका, सकाळ. घोडेवाले, हमाल, सामान.)

मुंबईची गाडी इथपर्यंतच. चावी खिशात टाकायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनने. वाट तांबड्या मातीची. पांढरे बूट घालून आलेले पाहुणे संध्याकाळपर्यंत ओळखू येत नाहीत.

२००३ साली केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले, तर नाक्यापलीकडे मोटार जात नाही. दुधाचे कॅन, गॅसची टाकी, लग्नाच्या खुर्च्या, सगळं घोड्याच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर.

(दृश्य: नालबंद, जवळून. खूर, रापी, खिळा.)

घोड्याचा पाय मांडीवर घेऊन नालबंद आधी खुराची वाढ तासून काढतो. मग नाल लावून बघतो, पुन्हा तासतो, पुन्हा लावतो. खिळा आत सरळ गेला तर घोडा लंगडणार. तो थोडा बाहेरच्या अंगाला वळवूनच मारावा लागतो. टोक खुरातून बाहेर आलं की मुरडायचं आणि कानशीने घासायचं. घोडा मान वळवून बघतो, पण हलत नाही.

(दृश्य: मिनी ट्रेन, जुम्मापट्टीजवळचं वळण.)

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर चढले आणि मुंबईच्या साहेबांना थंड हवेचं ठिकाण मिळालं. वर जायला मात्र घोडा किंवा पालखी. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रेल्वेचं मनावर घेतलं. पैसा वडिलांचा. १९०४ मध्ये काम सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली. दोन फुटांचा रूळ, खालच्या नेरळपासून माथेरानपर्यंत वीस-एकवीस किलोमीटरची वाट. डोंगर फोडण्यापेक्षा त्याच्या अंगाने वळत जाणं त्यांनी पसंत केलं. म्हणून अख्ख्या मार्गावर बोगदा एकच, आणि वळणं इतकी की शेवटच्या डब्यातून पुढचं इंजिन सारखं दिसत राहतं. २६ जुलै २००५ च्या पावसाने हा मार्ग वाहून नेला. तो पुन्हा बांधून २००७ मध्ये सुरू झाला. पावसाळ्यात आजही नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते.

(दृश्य: बाजारपेठ. चिक्की, चपला, माकडं.)

पॉइंट बघायला पाहुणे येतात आणि रविवारी उतरून जातात. इथे राहावंसं वाटतं ते या रस्त्यामुळे. कोणी कुणाच्या शेजारून काच वर करून जाऊ शकत नाही. किराणा आणायला निघालेली बाई तीन दारांशी थांबते, चौथीकडे चहा होतो. याच गावात १९१२ मध्ये भाई कोतवाल जन्मले. नाभिक कुटुंबातला मुलगा वकील झाला, गावच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, इंग्रजांविरुद्ध भूमिगत होऊन त्याने ‘आझाद दस्ता’ उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळ्या झेलून गेला. पोरांना हे पुस्तकाआधी घरातच कळतं.

(दृश्य: हातरिक्षा, चढ. लगेच ई-रिक्षा.)

पाहुण्यांना ओढणाऱ्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. त्यांच्या जागी ई-रिक्षा. चढावर माणसाने माणूस ओढणं थांबलंच पाहिजे. पण ई-रिक्षांच्या मागोमाग मोटारी नाक्याच्या आत येऊ नयेत, एवढंच आमचं म्हणणं.

(दृश्य: संध्याकाळ, भजनाची तयारी.)

शार्लोट तलावाच्या काठी ग्रामदैवत पिसारनाथ. रविवारची शेवटची गर्दी खाली उतरली की गाव आपल्या ताब्यात येतं. आज भजन आहे. सतरंजी घातली, पेटी उघडली, टाळ वाटून झाले. दुपारी घोडा धरणारे आता पहिल्या रांगेत बसलेत, हॉटेलचा आचारी पट्टी विचारतोय. पखवाजवाला तेवढा यायचाय. फोन करायची गरज कुणालाच वाटत नाही. बाजारातून येतोय म्हणजे वाटेत चपलांच्या दुकानापाशी कुणीतरी त्याला धरलेलं असणार. पोरगं धावत जाऊन बघून येतं. तिथेच आहे. आणि चहा सांगितलाय.