तापतं कोण? घोडबंदर रोडवरची ॲडव्हेंचर बाइक

[दृश्य: ठाणे. गुढीपाडव्याची सकाळ. स्वागतयात्रेतल्या मोटरसायकली.]

गुढीपाडव्याच्या सकाळी ठाण्याच्या स्वागतयात्रेत ढोल-ताशामागोमाग मोटरसायकली निघतात. वर नऊवारी, नथ, फेटा. खाली रुंद हँडलची, मोठ्या टाकीची ॲडव्हेंचर बाइक. कॅमेऱ्याला हे सगळं फार आवडतं, इंजिनाला अजिबात नाही. पुढचं पथक थांबलं की मागचं सगळं थांबतं. पहिला गिअर, हाफ क्लच (क्लच अर्धाच सोडलेला), चार पावलं पुढे, पुन्हा ब्रेक. थोड्या वेळाने टाकीखालून घरघर ऐकू येते, नडग्यांवर गरम झोत येतो आणि गाडीवरची मुलगी गुडघे बाहेर काढून बसते.

रेडिएटरचा फॅन सुरू झालेला असतो.

या फॅनने ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी रायडर्सची झोप उडवली आहे. नवी गाडी, तिचा पहिला मार्च महिना, माजिवड्याचा ट्रॅफिक आणि मनात एकच शंका : गाडी तापतेय, काहीतरी बिघडलंय.

[दृश्य: घोडबंदर रोड, संध्याकाळ. मेट्रोचे खांब, कंटेनरची रांग.]

ज्या गाडीच्या जाहिरातीत बर्फाचे डोंगर असतात, तिचं रोजचं आयुष्य असं जातं. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली, गायमुख. वर मेट्रो चारचा मार्ग, खाली जेएनपीटी बंदराच्या दिशेने जाणारे-येणारे कंटेनर. नवी मुंबईकरांना ऐरोली-महापे-तुर्भे आणि पुढे सायन-पनवेल हायवे. महिन्यातला एखादा रविवार माळशेज किंवा नाणेघाटाच्या नावे, बाकीचे दिवस दुसऱ्या गिअरमध्ये.

आता जरा इंजिनाच्या पोटात शिरू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. वीजबिलात असतात तीच युनिटं. त्यातली पाव, फार तर तीस टक्के चाकापर्यंत पोचते. उरलेली सगळी उष्णता. काही सायलेन्सरवाटे बाहेर जाते, काही कूलंट (इंजिनात फिरणारं, त्याला गार ठेवणारं पाणी) आणि ऑइल उचलतात, काही इंजिनाच्या अंगावरून थेट हवेत जाते. म्हणजे मोटरसायकल उष्णता तयार करते त्यात नवल काही नाही. प्रश्न एवढाच की ती उष्णता जाते कुठे.

गाडी साठच्या वेगाने धावत असेल तर समोरची हवा रेडिएटरमधून, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या जाळीतून, आपोआप जाते आणि फॅनला कामच नसतं. गाडी थांबली की हवा थांबते. कूलंट शंभर अंशांच्या आसपास पोचलं की फॅन सुरू होतो, पुढची हवा ओढून मागे फेकतो. मागे कोण? आपण. आपल्या पायावर येणारी ती झळ म्हणजे इंजिनातून बाहेर पडलेली उष्णता. ती आपल्याला लागतेय, याचाच अर्थ ती इंजिनात उरलेली नाही.

[दृश्य: कोलशेत परिसरातलं छोटं गॅरेज.]

गॅरेजमध्ये रोज होणारा संवाद असा :

"काका, फॅन बंदच होत नाहीये."

"कुठून आलास?"

"गायमुखवरून. पाऊण तास लागला."

"मग तो बंद का होईल? बंद झाला असता तर घाबरत यायचं होतंस."

काकांनी बोलता बोलता टॉर्च रेडिएटरवर धरला. जाळीच्या मागे, त्या बारीक पत्र्यांच्या फटींमध्ये, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या अडकलेल्या. पाडव्याला गाडीला हार घातला, तो वाऱ्यावर उडाला आणि निम्मा इथे येऊन बसला. त्यावर मुरबाडकडच्या कच्च्या रस्त्याचा लाल चिखल, वाळून कडक झालेला. काकांनी मऊ ब्रश घेतला, मागून पुढे अशी हलकी हवा मारली, आणि मुठीत मावेल एवढा कचरा जमिनीवर पडला. प्रेशरचं पाणी मात्र त्यांनी मारलं नाही. सर्व्हिस सेंटरची ती जोराची धार हे पत्रे वाकवते, आणि एकदा वाकले की हवेची वाट बंद.

ॲडव्हेंचर बाइकवाल्यांचा आणखी एक शौक म्हणजे ॲक्सेसरी. क्रॅशगार्ड, त्यावर फॉगलाइट, त्यांच्या मध्ये झेंडा, रेडिएटरसमोर दाट जाळी. प्रत्येक वस्तू बरोबर वाटते, पण सगळ्या मिळून हवेचा रस्ता अडवतात. दगडापासून वाचवणारी जाळी हवी, हे खरं. फॉगलाइट मात्र कडेला सरकवता येतात. झेंड्याबद्दल मी काही बोलत नाही.

[दृश्य: येऊरच्या डोंगराची रेघ, खाली इमारती, दुपारचं धुरकट ऊन.]

इथली हवा आपली स्वतःची आहे. मार्चमध्ये बऱ्याचदा जमिनीवरून, पूर्वेकडून वारे वाहतात आणि समुद्राचा गार वारा उशिरा येतो. मुंबई परिसरात मार्चमध्येच पारा चढतो तो त्यामुळे. ठाण्यापर्यंत यायला त्या वाऱ्याला शहर आणि डोंगर ओलांडावे लागतात. एका बाजूला येऊर, खाडीपल्याड पारसिकचा डोंगर. हवामान खातं किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त तापमान असलं की उष्णतेची लाट धरतं. मैदानी भागासाठी हाच आकडा ४० आहे.

रेडिएटरला आर्द्रतेशी फारसं देणंघेणं नाही. त्याला कळतो फक्त फरक : आतलं कूलंट किती गरम आणि बाहेरची हवा किती. कूलंट ९५ अंश आणि हवा २५ असेल तर फरक ७० अंशांचा. हवा ३८ झाली की फरक उरतो ५७. उष्णता फेकायची ताकद जवळजवळ एक पंचमांशाने घटली. फॅन जास्त वेळ फिरून ती भरून काढतो. यापेक्षा वेगळं संकट इंजिनावर सहसा येत नाही.

संकट येतं ते आपल्यावर. माणसाचं शरीर घाम वाळला की गार होतं आणि ठाण्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, ओघळतो. नागपूरच्या घरात गारेगार हवा देणारा कूलर ठाण्यात नुसता चिकचिकाट करतो, त्याचं कारण हेच. म्हणून पाण्यात भिजवून घालायचं ते कूलिंग जॅकेट विदर्भात किंवा राजस्थानात कमाल करतं आणि माजिवड्याच्या सिग्नलला ओल्या टॉवेलसारखं अंगाला चिकटून राहतं. आणू नका असं म्हणत नाही, पण लांबच्या राइडसाठी ठेवा.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर दुपारच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं गेली. ती नुसती बसलेली होती. आपण हेल्मेट, जॅकेट आणि दोन पायांमध्ये तापलेलं इंजिन घेऊन त्याच उन्हात असतो. चक्कर, मळमळ, डोकं जड होणं, यातलं काहीही जाणवलं की गाडी बाजूला, सावली, पाणी. बोलणं असंबद्ध झालं तर दवाखाना. मीटरवरच्या तापमानाच्या कांड्यांपेक्षा हे आधी बघायचं.

[दृश्य: पायातले बूट, जाड पँट, गुडघ्याचे गार्ड.]

पायाला झळ लागते म्हणून हाफ पँट आणि चपलेवर चालवणारे घोडबंदरला पैशाला पासरी भेटतील. हिशेब उलटा आहे. फॅनची हवा अंगापेक्षा खूप गरम असते, ती उघड्या कातडीवर घेतली तर चटकाच बसणार. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि पोटरी झाकणारी पँट ती झळ अडवते. वरच्या अंगाला मात्र जाळीचं जॅकेट बरं, कारण तिथे येणारा वारा समोरचा असतो, इंजिनाचा नव्हे.

आता उजव्या बाजूच्या बेंड पाइपकडे, इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या पाइपकडे, या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा, म्हणजे धुराचे कडक नियम, आले. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीच-तीनशे अंश तापल्याशिवाय कामालाच लागत नाही, म्हणून तो इंजिनाच्या जवळ बसवतात. त्याची झळ पावलाला आणि पोटरीला लागते. तो काढून टाकायचा सल्ला गॅरेजच्या दारात फुकट मिळतो. ते बेकायदेशीर आहे, आणि इंजिनाने तयार केलेली उष्णता त्याने कमी होत नाही. पाइपवर पट्टी गुंडाळायची फॅशनही आहे. कोरड्या प्रदेशात ठीक, पण आपल्याकडे जूनमध्ये ती पट्टी पाणी धरून बसते आणि आतला पाइप गंजतो. त्यापेक्षा कंपनीची हीट शील्ड नीट घट्ट आहे का बघा. तिचे बोल्ट खड्ड्यांनी सैल होतात.

[दृश्य: कूलंटची छोटी टाकी, दोन रेषा, मधोमध हिरवं पाणी.]

कूलंटबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण खरी नुकसानं इथे होतात. पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधलं रसायन) निम्मं-निम्मं घेतलं तर ते उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरची टोपी आत दाब धरून ठेवते, त्यामुळे उकळणं १२० च्या पलीकडे जातं. गरम गाडीची टोपी उघडलीत की तो दाब क्षणात सुटतो आणि आतलं सगळं वाफेसकट तोंडावर. पातळी बघायची ती गार गाडीची, बाजूच्या छोट्या टाकीवर, दोन रेषांच्या मधे.

कमी झालं तर काय घालायचं? घोडबंदरच्या कित्येक सोसायट्या टँकरवर जगतात. तेच पाणी बाटलीत भरून रेडिएटरमध्ये ओततात. क्षारांचं पाणी आतल्या बारीक नळ्यांमध्ये थर धरतं, बादलीला धरतं तसंच. फार अडचण असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालेल, नंतर कूलंट बदलून घ्या. आणि घट्ट कूलंट पाणी न मिसळता घातलं म्हणजे जास्त गार, असंही नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. तयार मिश्रणाची बाटली मिळते, ती घ्यावी.

थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघडणारी झडप, काढून टाकणं हा आणखी एक जुना इलाज. ट्रॅफिकमध्ये इंजिन गरम असताना तो आधीच पूर्ण उघडलेला असतो. तो काढून फायदा काय? तोटा मात्र सकाळी दिसतो : इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं.

[दृश्य: दोन गाड्या शेजारी. एकीला रेडिएटर, दुसरीला नुसत्या फिन.]

सगळ्यांकडे रेडिएटर नसतो. २०१६ ची जुनी हिमालयन, ४११ सीसीची, हवा आणि ऑइलवर गार होते. एक्सपल्स २०० आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्स २५० चंही काम ऑइलवर. केटीएम ३९० ॲडव्हेंचर आणि २०२३ ची हिमालयन ४५० पाण्याच्या. हवा-ऑइलवाल्या जुन्या हिमालयनला घरघर करून सांगणारा फॅन नाही. ती गुपचूप तापते, आवाज खरखरीत होतो, गिअर अडकायला लागतात, न्यूट्रल सापडत नाही. तिथे ऑइल हेच औषध. पातळी दर आठवड्याला बघा, आणि पुस्तकात लिहिलेला ग्रेडच घाला. ४११ ला १५डब्ल्यू-५० म्हणजे तेवढंच. त्यातला ५० हा आकडा गरम ऑइलच्या घट्टपणाचा. उन्हाळा आहे म्हणून आणखी घट्ट ऑइल घातलं तर ते वेळेवर वर पोचत नाही.

चालवण्यात एकच सवय सगळ्यांत महाग पडते : हाफ क्लच. चढावर गाडी क्लचवर धरून ठेवली की प्लेटी घासतात आणि ती उष्णता थेट ऑइलमध्ये जाते. गायमुखच्या घाटात ट्रकच्या मागे रांगताना दहा मीटर अंतर सुटू द्या, मग एकदाच पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. सिग्नलवर सेकंदांचा आकडा ६० च्या वर दिसला तर इंजिन बंद. बंद केल्यावर काही मिनिटं तापमानाचा काटा उलट वर चढतो, कारण पाणी फिरवणारा पंप इंजिनावरच चालतो आणि आतली गरमी कूलंटमध्ये साचते. घाबरायचं कारण नाही.

[दृश्य: रात्र. गायमुख. कडेला उभी गाडी, टॉर्चचा उजेड.]

मीटरवर तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र गोष्ट वेगळी. रस्त्याच्या पूर्ण बाहेर, डावीकडे. इंजिन बंद. अंगावर पाणी ओतायचं नाही, तापलेल्या धातूला एकदम गार पाणी सोसत नाही. अर्धा तास हात लावायचा नाही. मग छोट्या टाकीतली पातळी बघा. पातळी ठीक आणि फॅन फिरलाच नव्हता, तर फ्यूजच्या डबीत फॅनचा फ्यूज शोधा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लावा, तार गुंडाळू नका. टाकी रिकामी आणि खाली रस्त्यावर हिरवे थेंब असतील, तर होज (कूलंटची रबरी नळी) किंवा पंप गेलाय. अशी गाडी दोन किलोमीटरही चालवायची नाही. छोटा हत्ती टेम्पो बोलवायचा, गाडी दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी बांधायची आणि आपण पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं.