दोन इंजिनं गळून पडल्यावर

मंडळी, मालवाहू विमानात माणसं चार-पाच. त्यामुळे त्याच्या अपघाताची बातमी आतल्या पानावर, एका कोपऱ्यात जाते. आजचं विमानही तसंच. ३१ मार्च १९९२. नायजेरियात नोंदवलेलं एक जुनं बोइंग ७०७ लक्झेंबर्गहून नायजेरियातल्याच कानो शहराकडे निघालं होतं. ३८ टन माल आणि पाच माणसं. दक्षिण फ्रान्सवर हवा खवळलेली होती. साधारण ३२ हजार फुटांवर लागोपाठ दोन दणके बसले आणि विमान उजवीकडे कलंडलं. सहवैमानिकाने खिडकीतून पाहिलं, तर चार नंबरचं, म्हणजे उजव्या पंखाखालचं बाहेरचं इंजिन जागेवर नव्हतं. थोड्या वेळाने लक्षात आलं, त्याच पंखाखालचं आतलं, तीन नंबरचंही नाही!

इंजिन बंद पडलं, तर वैमानिकाला त्याचा सराव असतो. गळून पडलेल्या इंजिनाचा सराव कोण करणार? इंजिन पंखाखाली पायलॉन नावाच्या आधाराला टांगलेलं असतं. त्या पायलॉनच्या एका जोडात धातू थकून तडा गेला होता आणि तपासणीत तो निसटला होता. जोड तुटला. आता, जोरात चालणारं इंजिन सुटलं की सरळ खाली पडत नाही. आधी पुढे झेपावतं, मग बाहेरच्या बाजूला वळतं. तीनच्या बाहेर कोण? चार. त्यालाही ते घेऊन गेलं.

आता सगळा जोर डाव्या बाजूला. विमान सारखं उजवीकडे फिरू बघणार, आणि त्याला रोखायला शेपटीचं सुकाणू. होडीचं सुकाणूही पाणी वेगाने सरकत असेल तरच लागू पडतं ना, तसंच हे. वेग एका मर्यादेखाली गेला की सुकाणूचं पेडल पायाने कितीही दाबा, नाक वळतच राहतं. पण उतरायचं म्हणजे वेग कमी करायचा! सगळी गोम इथे आहे.

विमान मार्सेलकडे निघालं. वाटेत समोर एक धावपट्टी दिसली. तो इस्त्रचा लष्करी तळ. तिथे फ्रान्सच्या नव्या विमानांच्या चाचण्या होतात. इंधन सोडून दिलेलं, उजवा पंख फाटलेला. उतरायच्या बेतात असताना मनोऱ्यावरून सांगितलं गेलं, तुमच्या विमानाला आग लागली आहे. तरी कप्तानाने वेग सोडला नाही. नेहमीपेक्षा कितीतरी जोरात चाकं टेकली, टायर फुटले, विमान धावपट्टीवरून डावीकडे बाहेर गेलं. पाचही जण उतरून पळाले. मला विचाराल तर पंख जळत असताना वेग राखणं हे त्या दिवशीचं सर्वांत अवघड काम.

हे कौतुक करताना एक अन्याय टाळायला हवा. त्याआधी तीनच महिने, २९ डिसेंबर १९९१ रोजी, तैपेईजवळ चायना एअरलाइन्सच्या ७४७ मालवाहू विमानाचं तीन नंबरचं इंजिन सुटून चारवर आदळलं. पाचही कर्मचारी गेले. आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेल्या एल अलच्या ७४७ मालवाहू विमानाचं अगदी तसंच झालं. ते अ‍ॅमस्टरडॅमच्याच स्किपॉल विमानतळावर परतत होतं. उतरण्यासाठी वेग कमी होऊ लागला आणि विमान उजवीकडे उलटून बायल्मरमीर वस्तीतल्या इमारतींवर कोसळलं. ४३ माणसं मेली. मग ते वैमानिक कमी पडले का? मुळीच नाही. त्यांच्या उजव्या पंखाची पुढची कडच उद्ध्वस्त झाली होती, तेलाच्या दाबावर सुकाणू वगैरे हलवणारी हायड्रॉलिक यंत्रणा अर्धवट गेली होती, आणि तीन नंबरचं इंजिन कॉकपिटमधून दिसतच नाही. इंजिनं बंद पडली आहेत, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

त्या ७४७च्या पायलॉनमध्ये खास पिना असतात. आघात फार मोठा झाला तर पंखातली इंधनाची टाकी फाडण्याऐवजी इंजिन सुटून जावं, म्हणून त्या मुद्दाम तुटण्यासाठी बनवलेल्या. त्याच पिना थकून भलत्या वेळी तुटल्या. बोइंगने मग पिना स्टेनलेस स्टीलच्या केल्या आणि इंजिन धरून ठेवायला जादा जोड दिले.