सनाला वाट दाखवणारे तारे

नमस्कार श्रोतेहो. आज एका सुपरहिरो मालिकेबद्दल बोलायचंय, आणि तिच्या निमित्ताने फाळणीबद्दल.

'मिस मार्व्हल' ही सहा भागांची मालिका २०२२ साली आली. तिची नायिका कमला खान अमेरिकेतल्या जर्सी सिटीत वाढलेली, पाकिस्तानी घरातली शाळकरी मुलगी. पणजीची बांगडी हातात चढते आणि तिची शक्ती जागी होते. त्या घरात एक गोष्ट चालत आलेली आहे. फाळणीच्या वेळी कमलाची आजी सना, तेव्हा अगदी लहान, स्टेशनवरच्या गर्दीत हरवली आणि ताऱ्यांच्या मागे मागे चालत वडिलांपाशी पोचली. कराचीला जाणारी शेवटची गाडी बापलेकीला मिळाली. आई आयेशा मात्र परत कधी दिसली नाही.

पाचवा भाग आपल्याला त्या रात्रीत नेऊन सोडतो. शर्मीन ओबेद-चिनॉय यांनी तो दिग्दर्शित केलाय. त्या कराचीच्याच, आणि माहितीपटांसाठी दोनदा ऑस्कर मिळवलेल्या. म्हणूनच बहुधा स्टेशनवरची ती गर्दी नुसती पार्श्वभूमी राहत नाही. बांगडीच्या शक्तीने त्या रात्रीत जाऊन पोचलेली कमला गाडीच्या टपावर चढून पाहते तर नजर जाईल तिथवर माणसंच माणसं, आणि प्रत्येकाला त्याच गाडीत शिरायचंय. त्या कल्लोळात छोटी सना एकटी उभी. तिला वाट दाखवणारे तारे निघतात ते कमलाच्या हातातून. आजीने जन्मभर सांगितलेली गोष्ट नातीनेच घडवलेली असते!

एवढी शक्ती अंगात असून कमला फाळणी थांबवत नाही. पणजीलाही ती वाचवू शकत नाही, आयेशा तिच्या डोळ्यांदेखत जाते. एक पोर बापाच्या हाती सुखरूप देते, बस्स. मला हा भाग मोलाचा वाटतो तो यासाठीच. फाळणीची सीमा आखायला नेमलेले ब्रिटिश वकील रॅडक्लिफ १९४७ च्या जुलैत भारतात पहिल्यांदा आले आणि त्यांनी आखलेली रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली. त्या दिवसांत एखादं कुटुंब एकत्र राहणार की नाही, हे गर्दीत हात सुटला की नाही एवढ्यावर ठरत होतं.

काही गोष्टी खटकतात. खलनायिका नज्माचं मन शेवटी फारच झटकन पालटतं. सनाचे वडील हसन आणि आयेशा यांच्या संसाराला आणखी वेळ मिळायला हवा होता. हसनच्या गुलाबांमध्ये आपण जरा रमतोय तोवर १९४७ उजाडतं. पण सना आणि तिची मुलगी, म्हणजे कमलाची आई मुनीबा, यांच्यातला दुरावा मात्र नेमका उतरलाय. आईच्या त्या ताऱ्यांच्या गोष्टींना वैतागलेली मुनीबा दूर अमेरिकेत संसार थाटते. कराचीत लेकीची शक्ती स्वतःच्या डोळ्यांनी बघते तेव्हा तिला कळतं, की आई बाता मारत नव्हती.

कराची आपल्याला परकी नाही, श्रोतेहो. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीतली एक जुनी, नावाजलेली शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. आणि सना ज्या कराचीला गेली, तिथूनच हजारो सिंधी कुटुंबं बोटीने मुंबईला आली. त्यातल्या अनेकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत जागा मिळाली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं.

तेव्हा सनाच्या वयाची असलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या शेजारी, ओळखीत कुणी असेल, तर सवडीने जाऊन बसा त्यांच्याजवळ. कुठल्या बोटीने आलात, कुणाचं बोट धरून आलात, मागे कोण राहिलं, ते विचारा. सांगताना त्यात एखादा तारा आला, तर मध्येच अडवू नका.

नमस्कार.