स्पिटफायरचा ब्रेक पायात नसतो

नमस्कार. आज विमान जमिनीवरून उचलायचंच नाही. डीसीएस या विमानाच्या सिम्युलेटर गेममध्ये स्पिटफायर मार्क नाइन हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान घेतलं, इंजिन सुरू झालं, आणि धावपट्टीवर पोचायच्या आधीच विमान गवतात जाऊन गोल फिरतंय, असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ आहे.

आधी ब्रेक. मस्टँग या त्याच काळातल्या अमेरिकन विमानात रडर पेडलचा वरचा भाग पंजाने दाबला की त्या बाजूचं चाक धरतं. तीच सवय घेऊन आपण स्पिटफायरमध्ये बसतो आणि पेडल दाबत राहतो. काही होत नाही, कारण पायात ब्रेकच नाही. विमान चालवायच्या दांड्यावरची ही गोल मूठ बघा. तिच्यावर सायकलच्या ब्रेकसारखी लिव्हर आहे. ब्रेक म्हणजे एवढंच. किती दाबायचा ते हात ठरवतो आणि कुठल्या चाकाला द्यायचा ते पाय ठरवतात.

(स्क्रीनवर: तीन काट्यांचं प्रेशर गेज, जवळून)

हे गेज नीट बघा. एक काटा टाकीतल्या हवेचा, दोन काटे दोन चाकांचे. पेडल सरळ ठेवून लिव्हर दाबतो. दोन्ही चाकांचे काटे बरोबरीने वर आले. लिव्हर तशीच धरून आता डावा पाय हळूहळू पुढे नेतो. उजवा काटा खाली यायला लागला... आणि पूर्ण पाय दिल्यावर तो पडला. आता फक्त डावं चाक धरलंय, म्हणजे विमान डावीकडे वळणार. हे पाच-सहा वेळा जागेवरच करा. माझं टॅक्सी करणं, म्हणजे जमिनीवर विमान चालवणं, सुधारलं ते याच गेजकडे बघून. त्याआधी मी नुसता अंदाजाने लिव्हर दाबत होतो.

सेटिंगमध्ये ब्रेकसाठी शक्यतो ॲक्सिस द्या, म्हणजे कमी-जास्त दाबता येईल असा कंट्रोल, साधं बटण नको. बटण म्हणजे सगळा ब्रेक किंवा काहीच नाही, आणि याचं नाक इतकं जड आहे की एकदम ब्रेक लागला तर शेपटी उचलते आणि पंखा जमिनीला लागतो.

शेपटीचं चाक मोकळं फिरतं, त्याला लॉक नाही. म्हणून वळण सुरू झालं की ते थांबवायला उलटा पाय आणि ब्रेकचा हलका टिचका आधीच द्यावा लागतो. विमान सरळ झाल्यावर द्यायला गेलात तर उशीर झालेला असतो. समोर नाकामुळे काही दिसत नाही, त्यामुळे नागमोडी चालायचं आणि बाजूने डोकावत राहायचं. सतत ब्रेक धरून मात्र चालू नका. ही हवा इंजिनवरच्या कॉम्प्रेसरमधून येते, आणि फ्लॅप अन् तोफासुद्धा तिच्यावरच चालतात.

हवेच्या ब्रेकची हीच पद्धत, मुठीवर लिव्हर आणि पेडलने वाटणी, मिग-२१ मध्येही होती. नाशिकजवळ ओझरला एचएएलने बांधलेली मिग-२१ आपल्या वायुदलाने २०२५ पर्यंत उडवली. त्यामुळे ही सवय हाताला लागली की डीसीएसमधलं मिगही तुम्हाला परकं वाटणार नाही.

आता इंजिन. मर्लिन ६६. डाव्या हाताला दोन लिव्हर: एक थ्रॉटल, म्हणजे बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब), दुसरी पंख्याचे आरपीएम. बूस्टचं शून्य म्हणजे समुद्रसपाटीचा हवेचा दाब; त्यावर किती पाउंड चढले ते गेज दाखवतं. +१८ म्हणजे मस्टँगच्या गेजवर साधारण ६७ इंच (पाऱ्याचा दाब).

क्रम पाठच करा. ताकद वाढवताना आधी आरपीएम, मग बूस्ट. कमी करताना आधी बूस्ट, मग आरपीएम. का? बाइक चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत घाट चढायला लागा आणि ॲक्सिलरेटर पिळा. इंजिन ठोकायला लागतं ना? कमी आरपीएमवर जास्त बूस्ट दिला की मर्लिनच्या सिलिंडरमध्ये तेच होतं, फक्त तिथे इंजिनच फुटतं.

आकडे तीनच. +१८ आणि ३००० आरपीएम, फक्त ५ मिनिटं, लढाईसाठी. +१२ आणि २८५० चढताना. +७ आणि २६५० वर कितीही वेळ उडा. सिम्युलेटर हे हिशेब खरंच ठेवतो. मागे शत्रू लागला म्हणून सगळं पुढे ढकलून विसरलात, तर थोड्या वेळाने इंजिन तुम्हाला सोडून जाईल.

उड्डाणालाही +१८ लागत नाही, +७ किंवा +८ पुरतं. थ्रॉटल हळूहळू पुढे न्या, कारण एकदम दिलीत तर विमान डावीकडे ओढतं आणि उजवा पाय पूर्ण देऊनही आवरत नाही.

आता विमान पार्किंगमध्ये उभं करा, ब्रेकची लिव्हर धरा आणि गेजचे काटे बघत एक-एक पाय पुढे न्या. दोन्ही काटे तुमच्या पायांबरोबर चालायला लागले की मगच जागेवरून हला.